झुबकीचा गोंडा आणि पट्ट्याची जाळी

एक होती खार. तिचं नाव झुबकी.
शेपटीला गोंडा हा एवढा!

झुबकी राहायची पिठाच्या गिरणीत. गिरणी चाले घर्र घर्र घर्र. पट्टा फिरे गर गर गर.
सांडलेले दाणे वेचायचे, हे झुबकीचं काम.
वेचता वेचता एक दिवस... फट्!
पट्ट्यात अडकली शेपटी. गोंडा गेला!

झुबकीनं वर पाहिलं. वळचणीला तिची पिल्लं. उद्या पहिल्यांदा खाली उतरणार. इवल्या इवल्या शेपट्या. बाई गं, आता काय करू?

झुबकी गेली तुरुतुरु, गिरणीवाल्या भिवाअण्णाकडे.
"अण्णा, अण्णा, पट्ट्याला जाळी लाव.
माझा गेला गोंडा, पिल्लांचा वाचवा!"
अण्णा म्हणाला, "जाळी होती की! खंडेनवमीला काढली. पट्ट्याला कुंकू लावलं, हार घातला. मग जाळी कोंबडीनं नेली. तिनं दिली तर लावीन."
पूजा केली, जाळी विसरला. वा रे शहाणा!

झुबकी गेली तुरुतुरु, कोंबडीकडे.
"कोंबडीताई, कोंबडीताई, जाळी दे.
अण्णा जाळी लावेना.
माझा गेला गोंडा, पिल्लांचा वाचवा!"
कोंबडी म्हणाली, "कॉक कॉक! जाळीखाली माझी पिल्लं. वर फिरते घार. पिल्लं झाकायला डालगं आण, मग जाळी देते."

ऊन चढलं. झुबकी गेली तुरुतुरु, टोपल्या विणणाऱ्या आवडामावशीकडे.
"मावशी, मावशी, डालगं विण.
कोंबडी जाळी देईना.
अण्णा जाळी लावेना.
माझा गेला गोंडा, पिल्लांचा वाचवा!"
मावशी म्हणाली, "कोयता बोथट झालाय गं. बोथट कोयता घसरतो, बोट कापतो. धारवाल्याला धाड, मग विणते."

झुबकी गेली तुरुतुरु, धारवाल्या शिदूकाकाकडे.
"काका, काका, कोयत्याला धार लाव.
मावशी डालगं विणेना.
कोंबडी जाळी देईना.
अण्णा जाळी लावेना.
माझा गेला गोंडा, पिल्लांचा वाचवा!"
काका म्हणाला, "चर्र चर्र ठिणग्या उडतात. डोळ्यांना चष्मा नको? माकडानं पळवलाय. तो आण, मग धार लावतो."

झुबकी गेली तुरुतुरु, माकडाकडे.
"माकडदादा, माकडदादा, चष्मा दे.
काका धार लावेना.
मावशी डालगं विणेना.
कोंबडी जाळी देईना.
अण्णा जाळी लावेना.
माझा गेला गोंडा, पिल्लांचा वाचवा!"
माकड म्हणालं, "हूप हूप! बघ, दिसतो की नाही साहेब? भाकरी आण, मग चष्मा देतो."

ऊन कललं. भाकरी कुणाकडे? अण्णाकडे!
झुबकी गेली तुरुतुरु, परत गिरणीत.
"अण्णा, अण्णा, भाकरी दे.
माकड चष्मा देईना.
काका धार लावेना.
मावशी डालगं विणेना.
कोंबडी जाळी देईना.
अण्णा जाळी लावेना..."
"कोण अण्णा?"
"तूच की रे!"
अण्णा म्हणाला, "भाकरी माझी. दळण थांबायचं नाही. चल, हट्!"
असं म्हणत वाकला. खांद्यावरचा पंचा लोंबला. आणि... फट्!
पट्ट्यात गेलं पंच्याचं टोक!
अण्णा पांढरा पडला. पिठानं नाही, भीतीनं.
खट्! बटण बंद. घर्र... घर्... घ...
दळणाला आलेल्या बाया ओरडल्या, "अहो, आमचं दळण?"
अण्णा म्हणाला, "आधी जाळी, मग दळण!"

मग काय!
अण्णानं भाकरी दिली.
माकडानं चष्मा दिला.
काकानं धार लावली, चर्र चर्र.
मावशीनं डालगं विणलं, सर सर.
कोंबडीनं जाळी दिली, कॉक कॉक.
अण्णानं जाळी लावली, ठक ठक ठक.
मगच बटण दाबलं, खट्!

सकाळी पिल्लं उतरली, तुरु तुरु तुरु. दाणे वेचले. साऱ्यांच्या शेपट्यांना गोंडे!
पुढच्या खंडेनवमीला हार कुठे घातला? जाळीवर!
आणि अण्णा वाकला की झुबकी अजून ओरडते,
"अण्णा, पंचा!"

पट्टा जाळीच्या आत, आपण जाळीच्या बाहेर.
गोष्ट सरली, शेपट्या जागेवर!