पावेवालीचा सूर

माणूस गेलं, की त्याचा आवाज कुठे जातो? धुक्यात बुडालेल्या एका विणकरगावात एका धाकट्या भावाने हे साऱ्यांना विचारलं.

त्याच्या ताईचा आवाज तेवढा इंटरनेटच्या ढगात होता. संगणकावर साडीची नक्षी कशी काढायची, याचे तिने व्हिडिओ केले होते. ते धडे ढगात राहत. विणकर हवे तेव्हा उतरवून पाहत. ताईची एक रीत होती. पडद्यावर जे दिसेल, कानावर जे पडेल, त्याच्या मालकाला आधी विचारायचं. मग तो सॉफ्टवेअर बनवणारा असो की नक्षी रेखणारा.

शेवटचा धडा पाठवायचा राहिला आणि ताई गेली.

भाऊ तो ऐकायला बसला. तिच्या दोन वाक्यांमधली शांतता त्याला सोसवेना. धडा पुरता न ऐकताच त्याने टेकडीवर पावा वाजवणाऱ्या पावेवालीचा टिपून ठेवलेला एक सूर त्याखाली भरला, तिचं नाव लिहिलं आणि धडा ढगाकडे सोडला.

ढगाच्या वेशीवर पहारेकऱ्याने तो अडवला.

"सूर कोणाचा?"

"पावेवालीचा. नाव दिलंय की ठळक!"

"तिला विचारलंस?"

"नाही."

"पुन्हा असं झालं, तर ताईचे सगळेच धडे पुसले जातील."

भाऊ धावतच टेकडीवर गेला. पावेवाली शेळ्या वळवत होती. पहारेकऱ्याचा निरोप तिच्याकडे आधीच पोचला होता.

"ये! नाव लिहायला हात चालला, विचारायला यायला पाय दुखले होय?"

"चुकलं, मावशी. पण आता तरी द्या ना तो सूर. माझी ताई गेली हो!"

पावेवालीने त्याला जवळ बसवलं, पाणी दिलं.

"हा सूर मी माझ्या लेकीला निजवायला बांधला, बाळा. तो तिचाच राहू दे. तुझं दुःख मोठं आहे रे, पण म्हणून माझा सूर तुझा होत नाही."

भाऊ पाय ओढत घरी आला. मनात आलं, सूर जरा ओढूनताणून बदलला, तर पहारेकऱ्याला ओळखूही येणार नाही. त्याने हातही घातला. मग वाटलं, ताईचा आवाज असा कुणी ओढूनताणून आपल्या कामाला लावला तर?

त्याने सूर काढून टाकला.

सूर निघाला तशी शांतता वर आली आणि तिच्या पोटातून ताई हळूच हसली. "अगं बाई, रेघ वाकडी गेली की! असू दे, पुसू या."

भाऊ रडला, हसला, पुन्हा रडला. मग ती वाकडी रेघ, ते हसू आणि तिचं मधेच गप्प होणं, जसं होतं तसं त्याने ढगात सोडलं.

तात्पर्य: नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, आणि विचारायला जावं, ते 'नाही' ऐकायची तयारी ठेवूनच.