मंगळवार रद्द

फार दूर नाही, दोन डोंगर ओलांडले की पलीकडे एक जंगल होतं. तिथं वाघाचं राज्य होतं. राज्यात निवडणुका होत आणि निवडणुकांत वाघच निवडून येई, त्यामुळे लोकशाही अगदी सुरळीत चालली होती. सुरळीत चालत नव्हती ती फक्त आगगाडी.

गाडी एकच होती. सकाळी पळसमाळावरून सुटायची आणि दुपारच्या आत तळेकाठला पोचायची. सोमवारी, बुधवारी थोडाफार उशीर होई, त्याचं कुणाला काही वाटत नसे. मंगळवारी मात्र ती इतकी रखडे की तिची वाट पाहता पाहता सशिणी फलाटावरच बाळंत होत आणि पिल्लांचं बारसं उरकून घरी जात.

द्वारकाबाई भेकरीला नेमकं मंगळवारीच जायचं असे. तिच्या लेकीच्या, बकुळीच्या, डोळ्यात गवताचं कुसळ घुसलं होतं. डोळा सुजून लाल झाला होता. ते कुसळ काढता येईल एवढी बारीक चोच सगळ्या राज्यात एका करकोच्याची. हा वैद्य तळेकाठला फक्त मंगळवारी बसायचा आणि दुपार झाली की दवाखाना बंद करायचा. द्वारकाबाई दर मंगळवारी लेकीला घेऊन निघे आणि दर मंगळवारी बंद दार पाहून परत येई.

"आई, आता या डोळ्यानं तुझं तोंडसुद्धा धुरकट दिसतं," बकुळी एकदा म्हणाली.

मंगळवारीच असं का होतं हे अख्ख्या जंगलाला ठाऊक होतं. त्या दिवशी रेल्वेमंत्री भालेराव अस्वल गाडीतून दौरा करत. गाडी वेळेवर धावते की नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असे. आणि मंत्री आले म्हणजे सत्कार आला. प्रत्येक स्थानकावर सागाच्या पानांची शाल, पळसफुलांचा हार आणि, जंगलात नारळ होत नाही म्हणून, एक कवठ. मग प्रास्ताविक, मग मनोगत, मग आभार. आभारात हटकून कुणाचं तरी नाव राहून जाई. एकदा रानडुकरांच्या मंडळाचं राहिलं, तर सगळं मंडळ रुसून रुळांवर आडवं झालं. शेवटी आभार पुन्हा पहिल्यापासून मानावे लागले. गाडीच्या नावानं बोटं मोडणारेच हार घेऊन सगळ्यांत पुढे असत, हे सांगायला मला लाज वाटते, पण ते खरं आहे. द्वारकाबाईनंही एकदा हार घातला होता. तेवढ्यानं गाडी लवकर हलेल, अशी तिची भाबडी समजूत होती.

अखेर एका मंगळवारी ती मंत्र्यांच्या खिडकीपाशी गेली.

"साहेब, सत्कार जरा आटोपता घ्या हो. माझ्या पोरीचा डोळा जाईल."

भालेरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते मिशीवरचा मध पुसत म्हणाले, "ताई, तुमच्या लेकीचा डोळा तो माझा डोळा! मी आत्ता, या क्षणी, समिती नेमतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. समिती नेमल्याबद्दल भालेरावांचा तिथल्या तिथे सत्कार झाला. गाडी तळेकाठला पोचली तेव्हा दवाखान्याला कुलूप होतं.

समितीचे अध्यक्ष होते वटवाघूळ. त्यांना दिवसा काही दिसत नसल्यामुळे ते निःपक्षपाती म्हणून नावाजलेले होते. त्यांनी उलटं टांगून घेऊन खोल विचार केला आणि अहवाल दिला. रुळांत दोष नाही. इंजिन निष्ठावान आहे. मंत्रिमहोदय तर वक्तशीरच, कारण ते येतात तीच वेळ. मात्र सर्वाधिक उशीर मंगळवारी होतो, हे निर्विवाद सिद्ध झालं आहे. तेव्हा दोष मंगळवाराचा आहे.

दुसऱ्याच दिवशी वाघानं सभा घेतली.

"माझ्या प्राणिबांधवांनो! या मंगळवारानं पिढ्यान् पिढ्या तुमचा वेळ खाल्ला की नाही खाल्ला?"

"खाल्ला!"

"आधीच्या एका तरी राजानं त्याला हात लावायची हिंमत केली?"

"नाही!"

"मी करतो! आजपासून मंगळवार रद्द!"

जंगल दणाणून गेलं. "मंगळवार हटवा, वेळ वाचवा!" अशा घोषणा देत माकडांनी मिरवणूक काढली. साळुंक्या दिवसभर फांदीफांदीवर एकच बातमी ओरडत होत्या. त्या आठवड्यापासून सोमवारनंतर थेट बुधवार उजाडू लागला.

भालेरावांचा दौरा अर्थातच बुधवारवर गेला आणि बुधवारची गाडी रखडू लागली. समितीनं शोध लावला की बुधवार हा मंगळवाराचा हस्तक आहे. तोही गेला. मग गुरुवारला बळ कुठून मिळतं याची चौकशी झाली. शुक्रवार स्वतःहून राजीनामा देईल असं वाटलं होतं, पण त्यालाही काढावंच लागलं. शनिवारी रेल्वेचा माल वाहणाऱ्या बैलांना पेंड मिळायची. शनिवार गेल्यावर पेंडीचा प्रश्न कायमचा सुटला आणि वाचलेली पेंड राजवाड्याच्या कोठारात सुरक्षित ठेवण्यात आली. सोमवारनं काही गुन्हा केला नव्हता, पण तो एकटा पडला होता आणि एकट्याला कोण विचारतं?

उरला रविवार. आज रविवार, उद्या रविवार, परवाही रविवार. रविवारी गाडीला सुटी असते, त्यामुळे गाडी सुटेना. न सुटलेल्या गाडीला उशीर होत नाही. राज्यातला उशीर शून्यावर आला, आणि गाडी खोळंबायची भीती नसल्यामुळे भालेरावांचे सत्कार आता निवांतपणे होऊ लागले.

द्वारकाबाई बकुळीला घेऊन रुळांच्या कडेनं चालत निघाली. खडीनं खूर सोलले. तळेकाठला करकोचा पाण्यात एका पायावर उभा राहून मासे धरत होता.

"वैद्यबुवा, तेवढं कुसळ काढा."

करकोच्यानं बकुळीच्या डोळ्यात पाहिलं. "दिसतंय. अगदी वरच आहे. पण माझा परवाना मंगळवारचा. रविवारी चोच लावली तर परवाना जाईल."

"अहो, काल रविवार होता, उद्याही रविवारच आहे. मग मी यावं तरी कधी?"

"मंगळवारी या," करकोचा म्हणाला आणि त्यानं मान फिरवली. तो वाईट नव्हता असं पुष्कळजण सांगतात. मला मात्र अजूनही त्याचा संताप येतो.

अशात निवडणूक आली. वाघाच्या विरोधात कोल्हा उभा होता. मंगळवाराच्या प्रश्नावर व्यापक विचारमंथन व्हायला हवं, असं कोल्ह्यानं ठिकठिकाणी सांगितलं. मग वाघाची सभा झाली. वाघानं सदऱ्याच्या खिशातून एक चकचकीत कार्ड काढून उंच धरलं. त्यावर त्याचाच हसरा फोटो होता.

"मला निवडून द्या! घरटी एक मंगळवार, अगदी मोफत!"

कुणी नाचलं, कुणी रडलं. एक म्हातारं वानर ओरडलं, "अरे, हे आपलेच मंगळवार आहेत!"

"गप बसा हो आजोबा," शेजारची घोरपड त्याच्यावर खेकसली. "काहीतरी मिळतंय तर तुम्ही मोडता घालता."

मतदानाच्या रांगेत बकुळीचा डोळा गळत होता. दुसऱ्या डोळ्यानं तिनं आईकडे पाहिलं.

"आई, आपला मंगळवार यानंच नेला ना?"

"हो."

"मग मत यालाच द्यायचं?"

द्वारकाबाईला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. तिनं पदरानं लेकीचा डोळा टिपला.

"दुसऱ्या कुणाकडे मंगळवार आहे का, बाळा?" ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं वाघाच्या चित्रावर खूर उमटवला.

वाघ प्रचंड बहुमतानं निवडून आला. जनतेनं आपल्या रेल्वे धोरणावर शिक्कामोर्तब केलं आहे, असं तो म्हणाला.