मानाची जागा

देशमुख दर्याजीरावांना अर्ज लिहायचा, तर वर त्यांच्या मानाची कोरी जागा सोडावी लागे. ती कमी पडली म्हणून त्यांनी एका कुलकर्ण्याला चाबकाने फोडून काढलं होतं.

आता त्यांना गावचं तळं हवं होतं. "संध्याकाळपर्यंत लेखी संमती आणा," असा हुकूम सुटला. सगुणाई पाटलीण दिवसभर नुसत्या येरझारा घालत होती. नाही म्हटलं तर गाव जाळतील, हो म्हटलं तर गाव तहानेनं मरेल.

संध्याकाळी भरल्या कचेरीत तिने कागद पुढे केला. देशमुखांनी तो उलटसुलट करून पाहिला. कोराच!

"संमती कुठाय?" ते कडाडले.

"सरकार, तुमच्या मानाची जागा सोडता सोडता कागदच संपला. आता मान किती कमी करू, तेवढं सांगा. लगेच लिहिते."

देशमुखांनी कागदाची घडी घातली आणि तो परत दिला.