चेअरमनसाहेबांचे मनोगत

वाकेगावात सभासदांच्या मालकीची एक दूध डेअरी होती. तिचे चेअरमन गुणाजीराव तोडकर. माणूस मनाने मोठा, पण तोंडाने त्याहून मोठा. डेअरीसमोर चिंच होती, चिंचेखाली बाकडे होते आणि बाकड्यावर दिवसभर गुणाजीराव असत. सगळ्या गावाचा कारभार तिथूनच चालतो, अशी त्यांची ठाम समजूत होती.

डेअरीने नवी शेड बांधली, तेव्हा तिची भिंत शेजारच्या यमाजी लोणाऱ्याच्या जागेत हातभर शिरली. यमाजीने दावा ठोकला, भिंत पाडा! भिंत पडली तर दूध थंड करायचे यंत्र उघड्यावर येणार. सभासद चिंचेखालच्या बाकड्याभोवती जमले.

गुणाजीरावांनी तालुक्याच्या गावी वकील प्रधानबाईंना गाठले. सवयीप्रमाणे बरोबर लवाजमा होताच. व्याही, भाचा, रोजचा न्हावी आणि एक फोटोग्राफर.

"यातले डेअरीचे संचालक कोण?" बाईंनी विचारले.

"कुनीच न्हाई. पर समदी आपलीच मान्सं."

"मग ती बाहेर बसतील. आणि चेअरमनसाहेब, मी वकील डेअरीची, तुमची नव्हे. इथे बोललेले गुपितही डेअरीचे. मी ते कोर्टातसुद्धा सांगणार नाही. तुम्हीही बाहेर सांगू नका."

फोटोग्राफरलासुद्धा बाहेर काढले, हे गुणाजीरावांना फार लागले.

दार लावून बाईंनी सल्ला दिला. "चूक आपली आहे. बदल्यात शेडमागची जागा देऊ. यमाजीला म्हशी बांधायला जागा हवीच आहे. नाहीच ऐकले, तर शेवटी चिंचेखालची द्यावी लागेल. पण चिंचेचे नाव तोंडातून निघता कामा नये."

यमाजी मागच्या जागेवरच खूश झाला. सोमवारी सह्या करायचे ठरले. गुणाजीरावांच्या पोटात आनंद मावेना, आणि आनंद झाला की सत्कार हा हवाच. बाई नको नको म्हणत असताना रविवारी मांडव पडला. शाल आली, नारळ आला, लाउडस्पीकर आला. शेजारधर्म म्हणून यमाजीला पहिल्या रांगेत बसवले.

गुणाजीरावांनी माईक धरला. "बाईंची हुशारी काय सांगू! येळ आलीच तर चिंच देऊन टाकू म्हनाल्या हुत्या. पर आमचा यमाजी मागच्या उकिरड्यावरच खूश झाला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. यमाजीने तेवढ्या वाजवल्या नाहीत. तो उठला, "मला आता चिंचच पायजे," म्हणाला आणि पंगतीला जाऊन बसला.

गुणाजीराव घामाघूम होऊन बाईंकडे धावले. "बाई, वकिलाशी बोललेलं गुपित अस्तंय न्हवं? मग यमाजीनं ऐकलेलं कोर्टाकडनं रद्द करून घ्या की!"

"बंद दाराआडचे मी राखले असते," बाई अंगावरची शाल काढत म्हणाल्या. "लाउडस्पीकरवरचे कसे राखू?"

डेअरीची भिंत वाचली, पण चिंच गेली. आता तिच्या सावलीत यमाजीच्या म्हशी रवंथ करतात आणि समोर उन्हात, बाकड्यावर, गुणाजीराव छत्री धरून बसतात. कुणी त्या दाव्याबद्दल विचारले, तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणतात, "गुपित हाय."

तात्पर्य: संस्थेचे गुपित ही सगळ्यांची ठेव असते. खुर्चीवरच्या माणसाने ती मिरवायला काढली, तर कितीही हुशार वकील ती परत आणून देऊ शकत नाही.