आप्पांच्या पेटीतला गाळ

खिडकीला काच असणं हीच मोठी श्रीमंती मानली जायची, त्या काळातली ही गोष्ट आहे. तळ्याकाठच्या एका गावात एक काचवाला राहायचा. कंदिलाच्या काचा, आरसे, तसबिरींच्या काचा, सगळं त्याच्या दुकानात मिळायचं. पण गावात त्याचं नाव झालं होतं ते दुकानातल्या माशांच्या पेटीमुळे. मोठमोठ्या काचा जोडून त्याने ती स्वतःच्या हाताने बनवली होती. तळाशी ओढ्यातले खडे, खड्यांत रुजलेल्या हिरव्या पाणवनस्पती आणि त्यांच्या पानांमधून सावकाश फिरणारे सोनेरी मासे. माणसं आरसा घ्यायला यायची, माशांपुढे उभी राहायची आणि आरसा विसरून घरी जायची.

सगळं गाव त्या काचवाल्याला आप्पा म्हणायचं. आप्पांना दोन मुली होत्या. त्यांची आई लवकर गेली, त्यामुळे दोघी त्या पेटीसमोरच लहानाच्या मोठ्या झाल्या. भांडण झालं की थोरली पेटीच्या एका बाजूला जाऊन बसायची, धाकटी दुसऱ्या बाजूला. तिथून दोघी एकमेकींना वेडावून दाखवायच्या. पण काचेतून आणि पाण्यातून समोरचीचं नाक एवढं मोठं आणि वाकडं दिसायचं, की हसू फुटायचं आणि रुसवा तिथेच संपायचा.

माशांत एक सगळ्यांत जुना मासा होता. त्याची शेपटी फाटकी होती आणि एका बाजूचा रंग उडून पांढरा पडला होता. मुलींनी त्याचं नाव म्हातारोबा ठेवलं होतं. आप्पांनी पाण्यावर बोट टेकवलं की तो वर यायचा आणि बोटाला तोंड लावायचा. मुली बोटं टेकवून टेकवून कंटाळल्या, पण त्यांच्याकडे तो कधी फिरकला नाही. आप्पा म्हणायचे, "अगं, त्याला घाई केलेली आवडत नाही."

पुढे मुलींची लग्नं झाली. थोरली कापडाच्या मोठ्या व्यापाऱ्याच्या घरी पडली, धाकटी तळ्यापलीकडे दोन खोल्यांच्या घरात. दर सणाला दोघी माहेरी यायच्या आणि आल्या की चहाच्याही आधी पेटीपाशी जायच्या. मग एका हिवाळ्यात आप्पा गेले.

दिवसकार्य आटोपलं. दुकान बंद करायचं ठरलं. भांडीकुंडी वाटून झाली, त्यावरून एका शब्दाची बोलाचाली झाली नाही. शेवटी दोघी पेटीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मासे मी नेते," थोरली म्हणाली. "माझ्याकडे जागा आहे, हाताखाली माणसं आहेत. आप्पांचे मासे राजासारखे राहतील."

धाकटीचा चेहरा उतरला. "म्हातारोबा तरी मला दे ना ताई."

"एकटा कसा राहील तो? आणि मी नवी पेटी करून घेणार आहे, याच्या दुप्पट. ही जुनी तू ने. खालचा गाळ आणि ते गवतही तुलाच. मला काय करायचाय तो गाळ?"

थोरली हे अगदी सहज, हसत हसत बोलली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण शब्द लागायचा तो लागलाच. मासे मडक्यात गेले आणि थोरलीच्या घोडागाडीत बसून निघूनही गेले. आता पेटीत नुसतं पाणी हलत राहिलं होतं.

धाकटीने ते पाणी घागरींत भरून घेतलं, पेटी बैलगाडीत घातली आणि घरी आणली. आजूबाजूच्या बायका बघायला जमल्या. "मासे नाहीत तर याचं करायचं काय?" एक म्हणाली. "राखेने घासून लख्ख कर आणि धान्य ठेव त्यात," दुसरीने सुचवलं. धाकटीनेही बाह्या सावरल्या आणि खडे उपसायला हात आत घातला. ओल्या खड्यांचा वास आला. आप्पांच्या सदऱ्याच्या बाहीला कायम हाच वास यायचा. ती तशीच, कोपरापर्यंत हात ओला ठेवून, रडत बसली.

तिने काहीही धुतलं नाही. यात शहाणपण काही नव्हतं बरं का. आप्पांचा वास स्वतःच्या हाताने धुऊन टाकणं तिला जमेना, एवढंच. तिने पेटी खिडकीशी ठेवली, जिथे सकाळचं ऊन थोडा वेळ येऊन निघून जायचं. तेच जुनं पाणी परत ओतलं. पिवळं पडलेलं पान दिसलं की तेवढं खुडून काढायचं आणि आटलं तेवढं पाणी घालायचं, बाकी नुसतं बघत बसायचं. बायका म्हणाल्या, काचवाल्याची पोरगी गवत पाळते.

तिकडे थोरलीच्या दिवाणखान्यात नव्या पेटीचा थाट काय वर्णावा! दुप्पट मोठी पेटी, तळाशी रंगीत काचेच्या गोट्या, वर तरंगणारी मेणाची कमळं. पाणी इतकं नितळ, की आहे की नाही ते कळू नये. आल्यागेल्याला थोरली अभिमानाने सांगायची, "आमच्या आप्पांचे मासे." आणि खरोखरच तिचा जीव होता त्यांच्यावर. नोकराला हात लावू द्यायची नाही, सगळं स्वतः करायची.

थोड्याच दिवसांत मासे सारखे पाण्यावर येऊन तोंडं उघडायला लागले. थोरली हरखली. "बघा, आप्पांकडे यायचे तसे माझ्याकडे येतात! भूक लागली असेल बिचाऱ्यांना." तिने कणकेच्या गोळ्या टाकल्या. मासे खाईनात. तिला वाटलं, चव आवडली नसेल, म्हणून शेवयांचा चुरा टाकला. खाल्लेलं थोडं, उरलेलं फार. पाणी पांढुरकं दिसायला लागलं तेव्हा तिने सगळं पाणी फेकून दिलं, पेटी रिठ्याने घासली, गोट्या उकळत्या पाण्यातून काढल्या आणि विहिरीचं ताजं गारेगार पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी एक मासा उलटा तरंगताना दिसला.

मग काय, जितके मासे मरत तितकी ती जास्त घासे. रोज नवं पाणी, रोज स्वच्छ गोट्या. तिला बिचारीला कळेना, की आपण एवढं करतोय आणि आप्पांच्या त्या शेवाळलेल्या पेटीत सुखाने जगणारे मासे आपल्याकडे का मरतात. शेवटी उरला एकटा म्हातारोबा. तोही एका कुशीवर कलला होता, कल्ले भराभर हलत होते.

थोरलीने घोडागाडी जोडायचीही वाट पाहिली नाही. म्हातारोबाला मडक्यात घेतलं, पदराने मडक्यावर सावली धरली आणि भर दुपारी तळ्याला वळसा घालून अनवाणीच चालत धाकटीच्या दारात आली. जिने कधी पायात चप्पल असल्याशिवाय अंगणात पाऊल टाकलं नव्हतं, तिचे पाय पोळून लाल झाले होते.

"हा एवढाच राहिला गं," ती दारातूनच म्हणाली. "बाकीचे सगळे माझ्या हातून गेले. याला तूच ठेव."

धाकटी पुढे झाली, मडक्यात डोकावली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "आता आठवला होय आमचा गाळ?"

थोरली खाली मान घालून उभी राहिली. बोललेलं परत घेता येत असतं तर धाकटीने त्याच क्षणी घेतलं असतं. तिने बहिणीच्या हातातून मडकं घेतलं, तिला ओढूनच आत आणलं आणि पेटीसमोर बसवलं.

थोरली बघतच राहिली. ज्याला ती गवत म्हणाली होती त्याचं रान माजलं होतं. पानांच्या कडेला छोट्या गोगलगायी चालत होत्या. आणि पानांमागून तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी राखाडी, सरकन इकडून तिकडे गेलं. त्याच्यामागून आणखी एक गेलं.

"पिल्लं?" थोरली म्हणाली. "विकत आणलीस?"

"छे गं. अंडी आली असणार पानांना चिकटून. एका सकाळी बघते तर ही वळवळतायत. मला आधी डोळ्यांत काही गेलंय असं वाटलं."

धाकटीने पेटीत मध्ये मलमलीचा पडदा सोडला, म्हणजे म्हातारोबाने नातवंडं गिळायला नकोत. मग मडकं पेटीतल्या पाण्यात तरंगत ठेवलं, हळूहळू पेटीतलं पाणी त्यात मिसळत गेली आणि शेवटी मासा अलगद बाहेर सोडला. म्हातारोबा खड्यांवर जाऊन बसला आणि हलेना. दोघी बहिणी पेटीच्या दोन बाजूंना बसून राहिल्या. ऊन कलेपर्यंत कुणीच उठलं नाही. मग त्याने फाटकी शेपटी एकदा हलवली, पानाखाली गेला आणि सरळ पोहायला लागला. थोरलीला रडू कोसळलं.

म्हातारोबा सुधारला. धाकटीला जे हवं होतं ते आता तिच्या खिडकीत होतं, तेही थोरलीने आपणहून दिलेलं. तिकडे व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात मोठी पेटी कोरडी पडली होती. थोरली रोज दुपारी यायची, माशाकडे बघत बसायची आणि काही न मागता परत जायची.

धाकटीला तिचं न मागणं दिसत होतं. पण मासा आत्ता कुठे सावरलेला, पिल्लं अजून एवढीशी. खडे उपसले, मुळं ओढली, तर इथली घडी विस्कटणार. आपल्यालाच आता कुठे मिळालंय, त्यातलं काढून का द्यायचं? दोन दिवस ती मनाशी भांडली. तिसऱ्या दिवशी थोरली जायला उठली, तेव्हा धाकटीने तिचा हात धरला.

"ताई, तुला आठवतं का, आपल्या चेंडूने पेटीची काच फुटली होती?"

"आठवतं तर. आप्पा रागावलेच नाहीत. परातीत मासे घेतले आणि नवी पेटी करायला बसले."

"आणि नव्या पेटीत आधी काय घातलं? जुन्या पेटीतले खडे! मी विचारलं, हे घाणेरडे खडे कशाला? तर म्हणाले, विरजण लावतोय."

थोरलीचे डोळे मोठे झाले. ती परत खाली बसली. "हो गं! आणि पाणी आदल्या रात्री बादलीत भरून ठेवायचे. मी गार पाणी ओतायला निघाले तर माझा हात धरला. म्हणाले, झोपेतून उठवून तुझ्या अंगावर कुणी गार पाणी ओतलं तर चालेल का तुला?"

"आठवड्याला थोडंसंच पाणी बदलायचे. बाकीचं तसंच."

"आणि खाऊ चिमूटभर. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं, म्हणायचे." थोरली थांबली. "मला सगळं माहीत होतं गं. मी सगळं बघितलं होतं. आठवायचं कसं राहून गेलं?"

एकीला खडे आठवले, दुसरीला पाणी. आप्पा दोघींना अर्धे अर्धे देऊन गेले होते. त्या दुपारी दोघी किती हसल्या आणि किती रडल्या, त्याला हिशेब नाही.

धाकटीने बाह्या सावरल्या. निम्मे खडे ओंजळी ओंजळीने काढून ओल्या फडक्यात बांधले, मुळांसकट निम्म्या वनस्पती दिल्या, जुन्या पाण्याची एक घागर भरली. थोरलीने गोट्या आणि मेणाची कमळं पोरांना खेळायला देऊन टाकली. तिने नव्या पेटीत तो गाळ घातला, मुरलेलं पाणी ओतलं आणि मुळं धरेपर्यंत थांबली. व्यापारी रोज विचारायचा, "मासे कधी सोडणार?" ती म्हणायची, "लागू दे अजून. विरजण आहे ते."

मग धाकटीने थोडी पिल्लं आणून सोडली. ती जगली. हळूहळू राखाडी रंग जाऊन त्यांच्या अंगावर सोनं चढायला लागलं. एका सकाळी थोरलीने पिकलं पान खुडायला हात घातला आणि थोडा वेळ बोट तसंच पाण्यावर टेकवून ठेवलं. एका कुशीला पांढरा डाग असलेलं एक पिल्लू पानामागून बाहेर आलं. त्याने आप्पांना कधी पाहिलंही नव्हतं. ते वर आलं आणि त्याने तिच्या बोटाला तोंड लावलं. थोरलीने बोट हलवलं नाही. दाराकडे तोंड करून नोकराला एवढंच म्हणाली, "पळत जा आणि धाकटीला बोलावून आण. म्हणावं, ताईचं बोट आज आप्पांचं झालंय."

म्हातारोबा पुढे पुष्कळ जगला, धाकटीच्या खिडकीत. त्या गावात पुढे माशांच्या पेट्या घरोघरी आल्या. नवी पेटी आणली की लोक आधी या दोघींपैकी एकीच्या दारात वाटी घेऊन यायचे, शेजारी विरजण मागायला जावं तसे. आणि दोघींपैकी कुणीही कधी रिकामी वाटी परत पाठवली नाही.

म्हणून मुलांनो, या गोष्टीतून सांगायचं ते एवढंच: घर नवं करा, भांडं नवं करा, पण जुन्यातलं ओंजळभर त्यात आधी घाला आणि कुणी मागायला आलं तर आपल्यातलं ओंजळभर त्यालाही द्या. जपलेलं तेवढ्यानेच जगतं, आणि वाटलेलं तर त्याहून जास्त.