शेवटचं प्रकरण

प्रौढ साक्षरता वर्गात बायकांना विनोदी प्रेमकादंबरी वाचायला दिली, म्हणून शिक्षिका शकुंतला ढवण यांना काढून टाकायला समिती बसली. अध्यक्ष दौलतराव गरजले, "वरातीत नवरीच घोडीवर बसते! नवरदेव रुसून पळतो आणि शेवटी सासूच त्याला कान धरून मांडवात आणते! हे शिक्षण? वर्गात वाचायला आमची अध्यापन मार्गदर्शिका काय वाईट आहे?"

त्या मार्गदर्शिकेला प्रस्तावना त्यांचीच होती. प्रस्तावना लिहायला पुस्तक वाचावं लागत नाही.

शकुंतलाबाई उभ्या राहिल्या. "साहेब, कादंबरीचा शेवट तुम्ही सांगितलात. आता मार्गदर्शिकेचाही सांगा."

दौलतराव घाईघाईने पानं चाळू लागले. कधीच न उघडलेली पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

बाई म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या बायकांनाही तुमच्यासारखंच शेवटपर्यंत वाचायचंय, साहेब."

बाई वर्गात राहिल्या. कादंबरीही राहिली.