झुंबराच्या उजेडातली पसंती

त्या राज्यात उजेड भरपूर होता, पण तो सगळा एकाच दालनात होता. बाकीच्यांनी आपापल्या वातीवर भागवायचं.

दालनाच्या मधोमध झुंबर लटकत असे. लटकणाऱ्याकडे खालचे सगळे मान वर करूनच बघतात, म्हणून त्याला आपण फार थोर आहोत असं वाटे. यात त्याची चूक नाही, मानांची आहे. झुंबर स्वतः काही जळत नसे. त्याच्या एकेका लोलकात एकेक काजवा बसवलेला असे, आणि काजवे यायचे लांबलांबच्या झोपड्यांतून. एक विझला की दुसरा. विझलेल्याच्या घरी राज्याकडून त्याचं चित्र जाई. राज्य कृतघ्न नव्हतं, हे लक्षात ठेवावं.

चित्रं छापायचं काम कासवाकडे होतं. तळघरात लाल दिव्याखाली ते औषधाच्या पाण्यात कागद बुडवी आणि त्यावर चेहरा उमटण्याची वाट बघे. वाट बघण्याच्या कामाला कासवापेक्षा लायक कोण मिळणार?

टेकडीपलीकडे एक कंदील राहत असे. जात पुरुषाची, पण संसार आईचा, म्हणून सगळे तिला कंदीलबाईच म्हणत. अंगाने एका बाजूला चेपलेली, पोटात तेल बेताचं. तिचा काजवा लुकलुक दालनात गेला होता. जाताना म्हणाला, "आई, तुला इथूनसुद्धा दिसेन मी." तेव्हापासून दिवेलागणीला ती टेकडीकडे तोंड करून बसे आणि शेजारच्या पणतीला सांगे, "तो बघ, हलतोय ना, तो आमचा."

"अगं, एवढ्या झगमगाटात तुझा कोणता नि माझा कोणता!" पणती म्हणे. "हलायचंच म्हणशील तर वाऱ्याने माझीही मान हलते. मीही तुझीच का?"

मग एक दिवस कारभारी कावळा निरोप घेऊन आला. लुकलुक विझला होता. कंदीलबाईने एवढंच विचारलं, "चित्र कधी मिळेल?"

कावळ्याला वाटलं, बाई दगडाच्या काळजाची दिसते. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. लुकलुकचं हसू डाव्या गालापासून सुरू होई की उजव्या, हे तिला आठवेनासं झालं होतं. रोज आठवू पाही आणि रोज गाल बदले.

चित्र पसंत करायला घरच्या माणसाने दालनात यावं, असा रिवाज होता. आणि झुंबरासमोर येताना दाराशीच आपली वात खाली करावी, हाही रिवाज होता. कंदीलबाई आली ती विझूनच आत आली.

कासवाने पहिलं चित्र पुढे धरलं. मऊ, हलकं, पहाटेसारखं.

"हे काय?" झुंबर किणकिणलं. "ताकात पाणी घातल्यासारखं! माझ्यापुढे इतकं फिकं?"

"नापास!" कावळा ओरडला.

कासव तळघरात जाऊन आलं. दुसरं चित्र गडद होतं, तेही नापास झालं. तिसरं त्याहून गडद होतं. ते मात्र झुंबराखाली असं काही खुललं की दालनात वाहवा झाली. मान हलवायला पैसे थोडेच पडतात!

कासव कंदीलबाईजवळ सरकलं आणि हळूच म्हणालं, "बाई, पहिलं आणि हे, दोन्ही घेऊन जिन्याखाली चला. तिथे अंधार आहे. तुमची वात लावा आणि मग बघा. चित्र राहणार तुमच्याकडे, झुंबर काही तुमच्या घरी यायचं नाही."

हळूच बोलायचं कासवाला कधी जमलं नाही. सगळ्यांनी ऐकलं.

"जिन्याखाली?" कावळ्याने मान वाकडी केली. "राज्याचं चित्र जिन्याखाली बघणार? बाई, उजेड तरी केवढा असतो हो तुमच्या घरी?"

 सगळे तिच्या चेपलेल्या अंगाकडे बघू लागले.

"आहे की," कंदीलबाई म्हणाली. "डोळे दिपतात आमच्याकडे."

मग जो हशा झाला, त्यात लोलकसुद्धा वाजले. आतले काजवे तेवढे हसले नाहीत. त्यातले बरेच टेकडीपलीकडचेच होते.

"हेच द्या," ती घाईने म्हणाली. "गडदच चांगलं आहे." चारचौघांत पोराकडे डोळे भरून बघू नये, दृष्ट लागते, म्हणून तिने चित्राकडे धड पाहिलंही नाही. घरी निवांत बघू.

नापास झालेला कागद वाया जाऊ द्यायचा नाही, ही राज्याची काटकसर. कावळ्याने पहिलं फिकं चित्र उचललं, चेहऱ्याची बाजू आत करून त्यात तिसरं गुंडाळलं आणि वर सुतळी बांधली. कासवाने तोंड उघडलं, आणि मग मान पाठीत ओढून घेतली. त्याला तेवढी सोय होती.

घरी पोचल्यावर कंदीलबाईने पुडकं सोडलं, वरचा गुंडाळलेला कागद पायाशी टाकला, चित्र खिळ्याला टांगलं, वात लावली. पणती दारातून डोकावली.

"कुठाय गं?"

"हा काय समोर."

पणती बराच वेळ बघत राहिली. "मला वाटलं कोळशाचं पोतं टांगलंयस," ती म्हणाली. भिंतीवर एक काळा चौकोन होता.

"थांब, वात मोठी करते," कंदीलबाई म्हणाली.

तिने वात वर केली. काहीच दिसेना. आणखी वर केली. ज्योत भडकली, धूर झाला आणि काच आतून काजळून गेली. आता चौकोनही दिसेना आणि भिंतही दिसेना.

"अगं, काच पूस आधी!" पणती ओरडली.

कंदीलबाईने वात खाली घेतली. चाचपडत पायाशी पडलेला कागद उचलला, चुरगळून मऊ केला आणि रोजच्या सवयीने काचेत गोल गोल फिरवला, अगदी कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत. काच लख्ख झाली. तिचा नेहमीचा लहानसा उजेड पुन्हा पडला, आणि तो आधी हातातल्या कागदावर पडला.

काजळीचे फराटे सगळ्या चेहऱ्यावरून गेले होते. डोळे गेले होते, कपाळ गेलं होतं. एक डावा गाल तेवढा उरला होता, स्वच्छ दिसत होता, आणि हसू तिथूनच सुरू होत होतं.